भूते, महाभूते आणि चेटकिणी

आधुनिक चेटूकविद्येवरचे कोणतेही इंग्रजी हस्तपुस्तक उघडले, तर पहिल्या काही प्रकरणांतच एक वर्तुळ भेटते. ते जमिनीवर खडूने किंवा दोरीने आखलेले असते, किंवा हवेत सुरीच्या टोकाने नुसते कल्पिलेले असते. साधक पूर्वेला तोंड करून वायूला आवाहन करतो, दक्षिणेकडे वळून अग्नीला, पश्चिमेकडे वळून जलाला आणि शेवटी उत्तरेकडे पृथ्वीला. वेदीवर धूप, पेटती मेणबत्ती, पाण्याचे वाडगे आणि मिठाची वाटी मांडलेली असते. चारही तत्त्वे अशी साक्षीला आली की वर्तुळ 'बांधले' गेले असे मानतात, आणि पुढचे जे काही कर्म असेल ते त्याच्या आत होते. संपल्यावर चौघांना क्रमाने निरोप दिला जातो. मंगलकार्यात दिक्पालांना दिलेले आमंत्रण आणि अखेरचे विसर्जन पाहिलेल्या मराठी वाचकाला हा विधी फारसा परका वाटणार नाही.

अशा पुस्तकांतून बहुधा आणखी एक विधान असते: ही साधना ख्रिस्तपूर्व काळापासून, खेड्यापाड्यांतल्या जाणत्या बायकांच्या परंपरेने, चर्चच्या छळातून तगून आपल्यापर्यंत आली आहे. विधीबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. हे विधान मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाने तपासले पाहिजे, कारण त्याचा उलगडा होतो तो ग्रंथांच्या इतिहासातून. चार तत्त्वे चेटकिणीच्या हाती आली ती आजीकडून नव्हे, पुस्तकांतून आली. आणि ज्या बायकांना युरोपने चेटकीण म्हणून मारले, त्यांचे निसर्गाच्या शक्तींशी जोडले गेलेले नाते फार वेगळ्या प्रकारचे होते. ते त्यांनी स्वतः जोडलेले नव्हते. ते त्यांच्यावर लादलेले कलम होते.

त्या कलमापासूनच आरंभ करू. नवव्या शतकात लिआँ येथे आगोबार्ड नावाचा बिशप होऊन गेला. ८१५ च्या सुमारास त्याने गारा आणि मेघगर्जना यांविषयी एक छोटा लॅटिन ग्रंथ लिहिला. आपल्या मुलखातले जवळजवळ सगळेच लोक, थोर असोत की सामान्य, शहरी असोत की खेडवळ, असे मानतात की काही माणसे मंत्राने वादळ उठवू शकतात, ही त्याची तक्रार. त्या समजुतीचे तपशील मोठे रम्य आहेत. मागोनिया नावाचा एक देश आहे. तिथून ढगांमधून जहाजे येतात. गारांनी झोडपलेले धान्य त्या जहाजांतून नेले जाते आणि वादळ उठवणाऱ्यांना त्याचा मोबदला मिळतो. अशा जहाजातून खाली पडलेले म्हणून तीन पुरुष आणि एक बाई यांना साखळदंडांत जखडून, दगडांनी ठेचून मारण्यासाठी आणण्यात आले होते. आगोबार्डने वाद घालून तो प्रसंग टाळला. पण त्याच ग्रंथात आणखी एक गंमत आहे. वादळापासून शेत राखून देतो म्हणणाऱ्यांना हे लोक पिकाचा ठरलेला वाटा बिनतक्रार देतात, आणि चर्चचा दशमांश द्यायची वेळ आली की यांचा हात आखडतो, असे बिशपमहाराज वैतागून सांगतात. बुद्धिप्रामाण्याच्या पोटात हिशेबाची वहीही असू शकते.

आगोबार्डच्या काळी वादळकर्ता हा विशेषेकरून बाई नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस चित्र पालटलेले दिसते. १४८९ साली उलरिख मोलिटरचे चेटकिणींविषयीचे पुस्तक छापले गेले. त्यातील एका लाकूडठशाच्या चित्रात दोन बायका आगीवरच्या हंड्यात काही टाकत आहेत आणि वर ढगांतून गारा कोसळत आहेत. त्याच्या थोडे आधी, १४८६ मध्ये, हाइनरिख क्रेमरचा 'मालेउस मालेफिकारुम' म्हणजे 'चेटकिणींवरचा हातोडा' हा कुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यातही गारा आणि वादळे कशी उठवली जातात यावर एक प्रकरण आहे. छपाईची कला नुकतीच हाती आलेली असताना तिने ज्या गोष्टी घरोघर पोचवल्या, त्यांत हा हंडाही होता.

याचा परिणाम कागदावर राहिला नाही. ऑगस्ट १५६२ मध्ये नैर्ऋत्य जर्मनीत भीषण गारपीट झाली, उभी पिके आणि द्राक्षमळे आडवे झाले. व्हीझेनश्टाइग या चिमुकल्या संस्थानात त्यानंतर धरपकड सुरू झाली आणि साठाहून अधिक बायकांना ठार मारण्यात आले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील थंडीची लाट, बुडालेले हंगाम आणि चेटूक-खटल्यांची वाढ यांचा संबंध व्होल्फगांग बेरिंगर या इतिहासकाराने तपशिलाने दाखवला आहे. निफाड-दिंडोरीकडच्या वाचकाला गारपिटीने झोपलेली बाग म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. वर्षाची कमाई पंधरा मिनिटांत जाते आणि दोष द्यायला समोर कोणी नसते. तिथे मात्र दोष द्यायला कोणीतरी सापडले.

वाऱ्याचा खटला याहून प्रसिद्ध आहे. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याचे १५८९ साली डेन्मार्कच्या राजकन्येशी, ॲनशी, लग्न ठरले. तिचे जहाज वादळांनी मागे फिरवले. मग राजा स्वतः तिला आणायला गेला आणि परतीच्या प्रवासातही समुद्र खवळलेलाच होता. पुढच्या वर्षी कोपनहेगनमध्ये आणि मग स्कॉटलंडमध्ये, नॉर्थ बेरिक येथे, हे वादळ चेटकिणींनी उठवले असे खटले उभे राहिले. गेलिस डंकन नावाच्या मोलकरणीच्या बोटांना चाप लावून पहिली कबुली काढण्यात आली. तिने इतर नावे सांगितली. त्यांपैकी ॲग्नेस सॅम्पसन ही रोग्यांना औषधपाणी करणारी बाई होती. तिची चौकशी करताना राजा जातीने हजर होता. एका मांजराचा नामसंस्कार करून, त्याला मेलेल्या माणसाचे अवयव बांधून ते समुद्रात टाकले आणि त्यामुळे वादळ झाले, अशी कबुली तिच्या नावावर १५९१ च्या 'न्यूज फ्रॉम स्कॉटलंड' या पुस्तिकेत छापलेली आहे. तिला त्याच वर्षी मृत्युदंड देण्यात आला. चाळणीत बसून समुद्रावर जाणाऱ्या चेटकिणीही या पुस्तिकेत आहेत. 'मॅकबेथ' शिकवणाऱ्यांना त्या ओळखीच्या असतील.

या कबुलीजबाबांत वारा आहे, पाणी आहे, गारा आहेत. चार तत्त्वे नाहीत. चौघांची एक व्यवस्था आहे, प्रत्येकाची एक दिशा आहे, एक उपकरण आहे, अशी कल्पनाही नाही. तिथे असतात मांजर, हंडा, शेजारणीचे दूध आटणे, घुसळूनही लोणी न येणे. तत्त्वांचा उलट प्रयोग मात्र आढळतो. संशयित बाईला बांधून पाण्यात टाकायचे आणि ती तरंगली तर चेटकीण समजायची, ही परीक्षा जेम्सने आपल्या १५९७ च्या 'डिमनॉलॉजी' या ग्रंथात समर्थिली आहे. त्याचा युक्तिवाद असा की जिने बाप्तिस्म्याचे पाणी झिडकारले तिला पाणीही आपल्या पोटात घेत नाही. शेवटी अग्नी. इंग्लंडात फाशी देत, स्कॉटलंडात बहुधा गळा आवळून मग जाळत, जर्मन मुलखांत जाळणे हीच रीत. या बायकांचा जलतत्त्वाशी आणि अग्नितत्त्वाशी आलेला संबंध कागदपत्रांतून निश्चितपणे सांगता येतो तो एवढाच.

मग चौकडी आली कोठून? तिचा जन्म इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात सिसिलीतील ग्रीक नगरात झाला. एम्पेडोक्लिस या कवी-तत्त्वज्ञाने सृष्टीची चार 'मुळे' सांगितली. त्याने ती देवतांच्या नावांनी, पद्यात सांगितली. म्हणजे हा सिद्धान्तच मुळात कविता म्हणून अवतरला. प्लेटोने त्यांना भूमितीच्या आकृत्या दिल्या, ॲरिस्टॉटलने उष्ण-शीत, शुष्क-आर्द्र या गुणांच्या जोड्या लावून त्यांचे शास्त्र केले आणि आकाशस्थ गोलांसाठी पाचवे तत्त्व वेगळे ठेवले. पुढची सुमारे दोन हजार वर्षे हा चार तत्त्वांचा सिद्धान्त वैद्यक, रसायन आणि ज्योतिष यांचा पाया होता. तो अभ्यासायला ग्रीक किंवा लॅटिन यावे लागे, विद्यापीठात जावे लागे. खेड्यातल्या सुईणीचा त्याच्याशी संबंध आला असेल तर तो वैद्याच्या तोंडून उडत उडत.

या विद्वज्जनांच्या जादूचा महाग्रंथ म्हणजे हाइनरिख कॉर्नेलिउस आग्रिपाचा 'गूढ तत्त्वज्ञानाची तीन पुस्तके'. पहिला खर्डा १५१० चा, संपूर्ण छपाई १५३३ ची. त्याचे पहिले पुस्तक चार तत्त्वांपासूनच सुरू होते: कोणती वनस्पती कोणत्या तत्त्वाची, कोणते रत्न, कोणता प्राणी, कोणती ज्ञानेंद्रिये. आजच्या हस्तपुस्तकांतील तत्त्वांचे तक्ते पाहिले तर त्यांचे खापरपणजोबा इथे भेटतात. आग्रिपाने खर्डा पाठवला तो ट्रिथेमिउस या मठाधिपतीकडे. त्याने ग्रंथाची स्तुती केली आणि असल्या गोष्टी अधिकारी मित्रांनाच सांगाव्यात असा सल्ला दिला. याच ट्रिथेमिउसने दोन वर्षांपूर्वी, १५०८ मध्ये, चेटकिणींविरुद्ध एक ग्रंथ लिहिलेला होता. त्याला यात काही विसंगती वाटली नसावी. लॅटिनमध्ये केलेली ती विद्या आणि बोलीत केलेले ते पाप, ही विभागणी त्या काळच्या पंडितांना सहज होती.

आग्रिपाच्या आयुष्यात मात्र या दोन जगांची एकदा गाठ पडली आणि ती गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते. १५१९ साली तो मेट्झ शहराच्या नोकरीत वकील होता. जवळच्या वुआपी या खेड्यातील एका शेतकरी बाईला चेटकीण म्हणून पकडण्यात आले. तिच्यावरचा मोठा पुरावा कोणता, तर तिची आई चेटकीण म्हणून जाळली गेली होती. धर्मन्यायाधीश निकोला साव्हिनी याचे म्हणणे असे की हे पाप रक्तातूनच उतरते. आग्रिपा तिच्या बाजूने उभा राहिला. त्याने तत्त्वांचे गूढ ज्ञान काढले नाही. कायदा काढला आणि धर्मशास्त्र काढले. आईच्या पापाने मूल जन्मतःच सैतानाचे होत असेल, तर मग बाप्तिस्म्याला अर्थ काय उरला, असा त्याचा प्रश्न होता. तुम्हीच पाखंड बोलत आहात, असे त्याने न्यायाधीशाला ऐकवले. बाई सुटली. दुसऱ्याच वर्षी आग्रिपाला ते शहर सोडावे लागले. पुढे त्याच्या घरी राहून शिकलेल्या योहान वायर या वैद्याने १५६३ मध्ये चेटूक-खटल्यांच्या विरोधात ग्रंथ लिहिला आणि कबुली देणाऱ्या बायका बहुधा मनाने आजारी असतात, त्यांना वैद्य हवा, असे मांडले.

म्हणजे १५१९ च्या त्या खोलीत दोघे समोरासमोर होते: चार तत्त्वांची जादू जाणणारा पंडित आणि चेटकिणीचा आरोप असलेली बाई. आजच्या वर्तुळात या दोघांची मिळून एक व्यक्ती झाली आहे. प्रत्यक्षात ते दोघे वेगळे होते. ज्ञान त्याचे होते. जीव तिचा टांगणीला लागला होता.

हीच विभागणी शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' मध्ये (१६११) नाट्यरूपाने येते. प्रॉस्परो वादळ उठवतो, पण तो चेटक्या नव्हे. तो ग्रंथ वाचणारा उमराव आहे आणि त्याचे सामर्थ्य पुस्तकांत आहे हे कॅलिबनही जाणून आहे. एरिअल हा वायूचा जीव, कॅलिबनला तर प्रॉस्परो माती म्हणूनच संबोधतो. बेटाची आधीची मालकीण सिकोरॅक्स चंद्रावर आणि भरती-ओहोटीवर सत्ता चालवीत होती, पण ती रंगमंचावर येत नाही. तिच्याविषयी आपण ऐकतो ते बहुतेक प्रॉस्परोच्या तोंडून. पाचव्या अंकात प्रॉस्परो आपल्या विद्येचा त्याग करताना जे भाषण करतो, त्याचा साचा ओव्हिडच्या 'मेटॅमॉर्फसिस' मधील मेडिआच्या भाषणाचा आहे. आर्थर गोल्डिंगने १५६७ मध्ये केलेले इंग्रजी भाषांतर शेक्सपिअरसमोर होते. वारे, झरे, वने, समुद्र यांना हाक मारणारे ते शब्द मुळात एका चेटकिणीचे. चांगली जादू आणि वाईट जादू यांतील भेद नाटकभर सांगितल्यावर, शेवटी थोर जादूगाराच्या मुखी चेटकिणीचीच वाणी येते. नाटककाराने हे जाणून केले असेल तर त्याला नमस्कार. नकळत झाले असेल तर वाङ्मयाला नमस्कार.

पॅरासेल्ससविषयी थोडक्यात सांगतो. प्रत्येक तत्त्वात त्या त्या तत्त्वाचे जीव राहतात (पाण्यात अप्सरेसारखे, हवेत सिल्फ, पृथ्वीत बुटके, अग्नीत सॅलमँडर) ही कल्पना त्याच्या मृत्यूनंतर, १५६६ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातून रूढ झाली. पोपच्या 'रेप ऑफ द लॉक'मधील सिल्फ आणि फुकेची १८११ ची 'उंडीने' ही त्याचीच वाङ्मयीन वंशावळ. इथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे असे एक साम्य आहे. आपल्या भाषेत 'भूत' या एकाच शब्दात दोन्ही अर्थ नांदतात. पंचमहाभूतांतील भूत म्हणजे जे झाले आहे, अस्तित्वात आले आहे ते. आणि पिंपळावरचे भूत म्हणजे जो होऊन गेला तो. जर्मन वैद्याला तत्त्वाचा जीव कल्पिण्यासाठी नवी योनी निर्माण करावी लागली. आपल्या शब्दात ती संदिग्धता आयतीच होती. अर्थात कोशातल्या शेजारावरून सिद्धान्त काढू नये, एवढे भान ठेवूनच हे सांगतो आहे.

सतराव्या-अठराव्या शतकांत चार तत्त्वांचे रसायनशास्त्र मोडीत निघाले. शास्त्रातून हद्दपार झालेला सिद्धान्त गूढवाद्यांच्या आणि कवींच्या आश्रयाला गेला. १८८८ साली लंडनमध्ये 'हर्मेटिक ऑर्डर ऑफ द गोल्डन डॉन' ही गुप्तमंडळी स्थापन झाली. वेस्टकॉट, मॅथर्स आणि वुडमन हे तिचे संस्थापक. १८९० मध्ये कवी डब्ल्यू. बी. येट्स तिचा सदस्य झाला. या मंडळीने चार तत्त्वांना अभ्यासक्रमाचे रूप दिले. प्रवेशानंतरच्या चार पायऱ्या म्हणजे क्रमाने पृथ्वी, वायू, जल, अग्नी. प्रत्येक तत्त्वाचे साधकाने स्वतः बनवायचे उपकरण: पृथ्वीची तबकडी, वायूचा खंजीर, जलाचा पेला, अग्नीची छडी. टॅरोच्या पत्त्यांतील चार रंगही याच हिशेबात बसवले गेले. आज जगभर जी टॅरोची चित्रे ओळखली जातात ती १९०९ साली पामेला कोलमन स्मिथने ए. ई. वेटच्या सांगण्यावरून काढली आणि दोघेही याच मंडळीच्या परंपरेतले.

इथे आपल्याकडचा एक धागा येऊन मिळतो आणि तो कल्पित नाही. ब्लाव्हाट्स्की आणि ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले. 'द थिऑसॉफिस्ट' हे त्यांचे मासिक त्याच वर्षी मुंबईतून निघू लागले आणि १८८२ च्या अखेरीस त्यांचे बिऱ्हाड मद्रासजवळ अड्यारला हलले. या चळवळीतल्या राम प्रसाद या भारतीय लेखकाचे 'नेचर्स फायनर फोर्सेस' हे पुस्तक १८९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात स्वरोदयपरंपरेतील संस्कृत ग्रंथाचे भाषांतर आणि पंचतत्त्वांचे विवरण होते. गोल्डन डॉनने ही तत्त्वे त्यांच्या संस्कृत नावांसकट उचलली: पिवळा चौकोन पृथ्वी, रुपेरी चंद्रकोर आप, लाल त्रिकोण तेज, निळे वर्तुळ वायू आणि काळसर जांभळे अंडाकृती चिन्ह आकाश. रंगीत पुठ्ठ्यांवर ही चिन्हे काढून साधक त्यांवर दृष्टी स्थिर करी आणि डोळे मिटल्यावर जे दिसेल ते नोंदवी. येट्सने आपल्या आत्मकथनात असा एक अनुभव सांगितला आहे. मॅथर्सने एक चिन्ह हाती दिले, डोळे मिटताच वाळवंट दिसले आणि त्यातून एक काळा महाकाय पुरुष उठताना दिसला. तो सॅलमँडरांच्या वर्गातला, असा मॅथर्सने उलगडा केला. भारतातून गेलेली तत्त्वसाधना आणि पॅरासेल्ससचा अग्निजीव लंडनच्या एका खोलीत असे एकत्र आले. आपल्याकडचा स्वरोदय मात्र श्वासाचे शास्त्र आहे. कोणती नाडी चालू आहे, त्या वेळी कोणते तत्त्व उदित आहे, आता प्रवासाला निघावे की नाही, असे त्याचे प्रश्न असतात. पुठ्ठ्यावरून दृश्यात शिरण्याचा मार्ग लंडनकरांचा.

आता गेराल्ड गार्डनर. सिलोन, बोर्निओ आणि मलायात नोकरी करून १९३६ मध्ये निवृत्त झालेला हा इंग्रज गृहस्थ. मलायात तो जकात खात्यात होता. आपल्याला १९३९ मध्ये न्यू फॉरेस्ट भागात एका जुन्या चेटकी-मंडळाची दीक्षा मिळाली, असा त्याचा दावा. इंग्लंडातील १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचे 'विचक्राफ्ट टुडे' प्रसिद्ध झाले. प्रस्तावना मार्गारेट मरे या इजिप्तविद्येच्या विदुषीची. कलकत्त्यात जन्मलेल्या या बाईंनी १९२१ मध्ये असा सिद्धान्त मांडला होता की चेटकिणी म्हणजे ख्रिस्तपूर्व धर्माच्या टिकून राहिलेल्या उपासक. इतिहासकारांनी तो पुढे साफ नाकारला. पण गार्डनरच्या धर्माला वंशवेल मिळाली ती तिथून. योगायोगाने शिरवाडकरांचे 'राजमुकुट' हे 'मॅकबेथ'चे रूपांतरही १९५४ चेच. तिकडे चेटकिणी नाटकातून घराकडे परतत असताना इकडे त्या मराठी रंगभूमीवर येत होत्या.

गार्डनरच्या विधीची चिरफाड रोनाल्ड हटन या इतिहासकाराने 'द ट्रायम्फ ऑफ द मून' (१९९९) मध्ये केली आहे. वर्तुळ, चार दिशा, सुरी हा बराचसा ऐवज गोल्डन डॉनचा आणि मॅथर्सने भाषांतरित केलेल्या 'सॉलोमनची किल्ली' या जुन्या मंत्रग्रंथाचा. काही उतारे सरळ ॲलिस्टर क्राउलीचे. ही गोष्ट प्रथम ओळखली ती १९५३ मध्ये दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटने. तिने गार्डनरला तसे स्पष्ट सांगितले आणि त्याने 'मग तूच लिही' असे म्हणताच खरोखरच लिहून दाखवले. विक्कामधील उत्तम गद्य-पद्य आज जे मानले जाते त्यातला मोठा भाग तिच्या हातचा आहे. या साऱ्या प्रकरणात मला भावलेली व्यक्ती हीच. तिला परंपरा उसनी आहे हे ठाऊक होते आणि चांगल्या संपादकाप्रमाणे तिने उसने काढून स्वतःचे घातले.

मिठाची वाटी आठवते ना? पाण्यात मीठ टाकून, दोहोंतले अशुभ मंत्राने घालवून, ते वर्तुळावर शिंपडायचे, हा विक्काचा नित्यविधी. तो आला 'सॉलोमनची किल्ली'मधून आणि त्याचा साचा तर सरळ कॅथलिक चर्चच्या पवित्र जलाच्या विधीचा. क्रेमरच्या 'हातोड्या'त न्यायाधीशांना एक सूचना आहे: चेटकिणीसमोर जाताना आशीर्वादित मीठ जवळ बाळगावे, म्हणजे तिची बाधा होत नाही. न्यायाधीशाच्या अंगावरचे मीठ साडेचारशे वर्षांनी आरोपीच्या वेदीवर जाऊन बसले आहे.

म्हणून हा विधी खोटा ठरतो काय? मला तसे वाटत नाही. विधी नवा असणे हा गुन्हा नव्हे. आपले सार्वजनिक गणपतीही फार जुने नाहीत. १९७९ मध्ये स्टारहॉकच्या 'द स्पायरल डान्स'ने चार तत्त्वांचा अर्थच पालटला. इथे तत्त्व म्हणजे बोलावून कामाला लावायची शक्ती नाही, तर जिच्या आधाराने आपण जगतो ती हवा, ते पाणी, ती माती. आणि त्यांच्यासाठी अणुभट्टीविरोधी निदर्शनांत उतरणे हेही उपासनेतच मोडते. परंपरा किती लवचीक आहे हे दक्षिण गोलार्धात दिसते. ऑस्ट्रेलियात सूर्य उत्तरेकडून तळपतो, थंड वारे दक्षिणेकडून येतात. त्यामुळे तिथले अनेक साधक अग्नीला उत्तरेस आणि पृथ्वीला दक्षिणेस बसवतात. पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी वर पाहिले. चार शतकांच्या कोष्टकांनंतर निसर्गाशी खरा संबंध आला तो इथे, असे मी म्हणेन.

आक्षेप आहे तो वारशाच्या दाव्यावर. 'आम्ही त्या जाळल्या गेलेल्यांच्या लेकी' असे म्हणताना नव्वद लाख बळींचा आकडा सांगितला जाई. तो अठराव्या शतकातील फोग्ट नावाच्या जर्मनाच्या ढोबळ गुणाकारातून निघालेला. आज अभ्यासक साधारण चाळीस ते साठ हजार असा अंदाज देतात. हाही आकडा थरकाप उडवणाराच आहे. तो फुगवण्याची गरज नव्हती. पण त्या मेलेल्यांपैकी बहुतेक बायका स्वतःला ख्रिस्ती समजत होत्या आणि आपण चेटकीण नाही असेच, चाप आवळला जाईपर्यंत, सांगत होत्या. त्यांना मरणोत्तर चेटकीण ठरवणे म्हणजे क्रेमरचा निकाल कायम करून शिक्षेबद्दल तेवढी हळहळ व्यक्त करणे.

मराठीत लिहिताना ही अडचण अधिक टोकदार होते. 'विच' हा शब्द आज लंडन-सॅन फ्रान्सिस्कोत कोणी आपखुशीने स्वतःला लावून घेते. आपल्या भाषेत चेटकीण, डाकीण हे शब्द कोणी स्वतःसाठी वापरत नाही. ते दुसऱ्याने चिकटवायचे शब्द आहेत. सातपुड्याच्या पट्ट्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना एकविसाव्या शतकातही नोंदल्या गेल्या आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात झाला आणि ते ज्यासाठी झगडले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात झाला. एखाद्या व्यक्तीला करणी करणारी ठरवून तिचे जगणे मुश्किल करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. या पार्श्वभूमीवर मेणबत्ती आणि मिठाची वाटी मांडून बसलेल्या साधिकेला 'चेटकीण' म्हणायचे की नाही? मी या लेखात तिला जाणूनबुजून 'साधक' म्हटले आहे आणि तिच्या पंथाला 'विक्का'. 'चेटकीण' हा शब्द, 'चेटूकविद्या' हे पुस्तकांचे नाव वगळता, आरोप झालेल्यांसाठी ठेवला आहे. मात्र ॲग्नेस सॅम्पसनला तो लावताना प्रत्येक वेळी अवतरणचिन्हे घालावीत, असे पुन्हा वाचताना वाटत राहिले.